सुई कुठून घालायची हे कॉम्प्युटर ठरवणार? तुम्ही विचारलंत म्हणून

प्रोस्टेट ही पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी; कर्करोग आहे का हे बघायला सुईनं तिचे तुकडे काढायचे, ती बायोप्सी. सुई दोनपैकी कुठल्या वाटेनं घालणं बरं हे ताडून बघणाऱ्या चाचणीत, कुणाला कुठली वाट हे कॉम्प्युटर नाणेफेकीसारखं ठरवतो. त्या चाचणीचं संमतीपत्र हातात पडलं की रुग्णाचा मुलगा हमखास विचारतो, "नाणेफेक करून ठरवता? डॉक्टरला एवढंही कळत नाही?" कळतं. नको इतकं कळतं, खरी अडचण तीच आहे.

जुनी वाट गुदाशयातून. सोनोग्राफीचा प्रोब आत, त्याच्या कडेनं १८ गेजची सुई, बारा तुकडे. म्हणजे आतड्यातले जंतू प्रोस्टेटमध्ये पोचायला बारा संधी. नवी वाट अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या कातडीतून. कातडी बीटाडाइननं पुसून स्वच्छ करता येते. गुदाशय पुसून जंतू कमी होतात, संपत नाहीत.

लोक घाबरतात रक्ताला. लघवीत काही दिवस, वीर्यात काही आठवडे थोडं रक्त येणं अपेक्षितच असतं. घाबरायचं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थंडी वाजून येणाऱ्या तापाला. सिप्रोसारख्या अँटिबायोटिक गोळ्या आपल्याकडे जुलाबालाही मेडिकलमधून परस्पर घेतल्या जातात, त्यामुळे आतड्यातला ई. कोलाय हा जंतू त्यांना सहसा जुमानत नाही. ताप रात्री चढतो. बाबा म्हणतात, "कशाला धावपळ, सकाळी बघू." सकाळी पॅरासिटामॉलनं अंग गार लागतं, मुलगा लोकल पकडून कामावर जातो, आणि जंतू रक्तात गेलेले असतील तर संध्याकाळपर्यंत रक्तदाब कोसळलेला असतो. म्हणून बजावून सांगतो: १०१ फॅरनहाइट, हुडहुडी किंवा लघवी तुंबणं, यातलं एक जरी झालं तरी सरळ कॅज्युअल्टी. बायोप्सी झाल्याचं दारातच सांगायचं.

"मग सगळ्यांना नवीच वाट द्या की!" ब्रिटनमधल्या ट्रान्सलेट चाचणीचे आकडे २०२५मध्ये आले. ११२६ पुरुष. उपचाराची गरज पडू शकेल असा कर्करोग कातडीच्या वाटेनं ६० टक्के जणांत सापडला, जुन्या वाटेनं ५४. संसर्गामुळे दाखल झाले कातडीच्या वाटेनं २, जुन्या वाटेनं ९. पण टोचताना दुखलं ते कातडीच्या वाटेनंच जास्त, आणि हे आम्ही संमतीच्या वेळी जरा पुटपुटतच सांगतो.

नाणेफेक नसती तर? मधुमेही, अशक्त रुग्ण दिसला की डॉक्टर आपसूक सुरक्षित वाट निवडतो. मग ताप त्याच गटात जास्त दिसतो आणि चांगली पद्धत बदनाम होते. म्हणून सही होईपर्यंत कुठली वाट येणार हे डॉक्टरलाही कळू द्यायचं नाही.

पूर्वी मी ठासून सांगायचे की इथले जंतू वेगळे, तेव्हा आकडाही इथलाच हवा. आता संसर्गापुरतं ते तेवढ्या जोरात म्हणवत नाही. अमेरिकेतल्या प्रिव्हेंट चाचणीत कातडीच्या वाटेनं अँटिबायोटिक न देताही एकालाही संसर्ग झाला नाही. मुंबईत नाणेफेक करायचीच तर ती अँटिबायोटिक द्यायचं की नाही यावर करावी.

दुसरा प्रश्न रुग्णांच्या बायकांचा, कर्करोगाच्या चिंतेसाठीच्या समुपदेशनाच्या चाचणीबद्दल: "हे स्वीकाराचं समुपदेशन म्हणजे गप्प बसून सोसायचं?" नाही हो. अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपीत, म्हणजे याच समुपदेशनात, "गाठ वाढली असेल" याऐवजी "गाठ वाढली असेल असा विचार मला येतोय" असं म्हणायची सवय लावतात. विचार राहतो, पण त्याच्यासाठी थांबवलेलं फिरणं, पत्ते, गावची खेप पुन्हा सुरू करायची. नुसती चिंता मोजली तर आकडा हलेलच असं नाही, आणि मग "उपयोग नाही" असा निकाल लागतो.

समुपदेशनाच्या चाचणीत कुणाला काय मिळतंय याची लपवाछपवीही जमत नाही. समुपदेशन मिळतंय की नाही हे रुग्णाला माहीतच असतं. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ नुसत्या गप्पांना दिला नाही, तर गुण पद्धतीचा की कुणीतरी तासभर ऐकून घेतल्याचा, हे सांगता येत नाही. विरारहून परळला दर आठवड्याला येणं जमत नाही म्हणून माणसं गळतात. गळालेल्यांना हिशेबातून काढलं की निकाल गोंडस दिसतो. फोनवर टिकतील, पण एका खोलीच्या घरात सुनेसमोर लघवीबद्दल कोण बोलणार? फोनचा पर्याय ठेवावा का, यावर आमचं अजून एकमत नाही.