नाकातलं पोर्तुगीज

पोर्तुगीजच्या वर्गात पहिल्या दिवशी मॅडमनी फळ्यावर तीनच रोमन अक्षरं लिहिली आणि विचारलं, "हा शब्द कोणाला येतो?" सगळा वर्ग हसला. पाव! यात काय यायचंय? मग मॅडमनी तो स्वतः म्हणून दाखवला आणि आमचं हसू थांबलं. त्यांच्या तोंडून निघालं ते आमचं पाव नव्हतंच. 'प' ओठांवर फुटला, पुढचा आवाज नाकात शिरला आणि शेवटी ओठांचा चंबू होऊन कुठेतरी विरून गेला. "आता तुम्ही," मॅडम म्हणाल्या. वीसेक जणांनी वीस तऱ्हेचे पाव भाजले. मी गप्प बसले. नाकात बोलायचं नाही, ही सवय मला फार कष्टाने लागली होती.

मी गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याजवळची. सावंतवाडीला इतिहासात बीए केलं. पुढे सावंतवाडीचे राजे भोसले आणि पोर्तुगीज यांच्यातल्या भांडणा-तहांवर काम करायचं डोक्यात होतं. आमच्या सरांनी सरळ विचारलं, "आणि कागद कोण वाचणार? अर्धे तर पोर्तुगीजमध्ये आहेत." त्यांनी पां. स. पिसुर्लेकरांचं उदाहरण दिलं. 1894 मध्ये जन्मलेला हा गोव्याचा माणूस पोर्तुगिजांच्या दप्तरात बसला आणि मराठ्यांच्या इतिहासाची तिकडची बाजू त्याने बाहेर काढली. सर म्हणाले, भाषांतरावर विसंबलीस तर दुसऱ्याने उष्टावलेलंच खाशील. म्हणून ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं. वयाच्या चोविसाव्या वर्षी पुन्हा अ आ इ.

प्रवास सांगण्यासारखा नाही, पण तो होता म्हणून अभ्यास झाला. बांद्याहून गाडी, म्हापशाला बदल, पणजीला पुन्हा बदल. क्रियापदं मी तिकिटांच्या मागे लिहायची. गोव्यात शिरता शिरता पत्रादेवी लागतं. 15 ऑगस्ट 1955 ला तिथे गोवामुक्तीच्या सत्याग्रह्यांवर पोर्तुगिजांच्या गोळ्या चालल्या, त्यांचं स्मारक आहे. आजीला त्या दिवसांची आठवण आहे. माझी वही बघून ती म्हणाली, "तेंनी गोळये घातल्यानी आणि तू तेंची भाषा शिकतंस?" मी म्हटलं, "आजये, तेंच्या कागदांत आपलो भोसलो काय म्हणता ता वाचूक होया." ती काही बोलली नाही. पुढे कित्येक दिवस गाडी स्मारकाजवळ आली की मी वही मिटायची. का ते मलाही नीट सांगता येणार नाही.

वर्गात तऱ्हेतऱ्हेची माणसं होती. कोणाच्या आजोबांचा जन्म 1961 च्या आधी, पोर्तुगिजांच्या गोव्यातला, त्यामुळे पोर्तुगालच्या पासपोर्टची खटपट चाललेली. एक वकील होती. गोव्याच्या कौटुंबिक कायद्याचं मूळ 1867 च्या पोर्तुगीज संहितेत, आणि जुनी खरेदीखतंही त्याच भाषेत, म्हणून ती आलेली. कोणाच्या घरी आजी अजून रागावली की पोर्तुगीजमध्ये रागावते. कोरी पाटी म्हणावी अशी मी आणि आणखी दोघंतिघं.

पण कोऱ्या पाटीचाही एक माज असतो. पहिले दोन आठवडे मला वाटत होतं, अर्धी भाषा मला येतेच. साबण, चावी, मेज, बटाटा, पपई, अननस, पिंप, घमेलं, नाताळ, लिलाव, तुरुंग, सगळं तिकडूनच आलेलं. दाल्गादो नावाच्या पाद्र्याने, तो गोव्यातल्या आसगावचा, आशियाच्या भाषांतले असले पोर्तुगीज शब्द गोळा करून 1913 मध्ये छापले, त्यात मराठीही आहे. मी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. मग कळलं, ही ओळखीची माणसंच जास्त फसवतात. आपली बादली तिकडे पुल्लिंगी. आपला बटाटा तिकडे बाई. आपण जी परात म्हणतो ती मुळात साधी थाळी. तुरुंगाचा मूळ शब्द म्हणजे झाडाचा बुंधा, कैद्याचे पाय अडकवायच्या ओंडक्यावरून आलेला. मराठीत तीन लिंगं सांभाळणाऱ्या बाईला दोन लिंगं जड जाऊ नयेत, पण गेली. अनोळखी शब्दाचं लिंग मी निमूट पाठ करायची. ओळखीच्या शब्दाशी मात्र हुज्जत घालायची.

क्रियापदांचं उलट झालं. तिथे मालवणी धावून आली, आणि तिनेच पाडलंही. पोर्तुगीजमध्ये 'मी', 'तू' बहुतेक वेळा गाळतात, कारण क्रियापदाच्या शेपटीवरूनच माणूस कळतो. आमच्याकडेही 'जातंय' म्हटलं की 'मी' लागत नाही, 'जातंस' म्हटलं की 'तू' लागत नाही. हे मला एका दिवसात पटलं. पण 'ते बोलतात' याला पोर्तुगीजमध्ये 'फालांव' असं काहीसं म्हणतात, शेवट नाकात. आणि मालवणीत 'आम्ही बोलतो' म्हणजे 'बोलतंव'. झालं! तीन महिने मी 'आम्ही' सांगायला गेले की तोंडातून 'ते' निघायचे. मॅडम विचारायच्या, "ते कोण?" मी छातीवर हात ठेवून म्हणायची, मीच, आम्हीच.

आता नाकाचं. शाळेत पाचवीला घाटावरच्या एक बाई आम्हाला मराठी शिकवायला आल्या. आम्ही 'खंय', 'थंय', 'नांव', 'गांव' म्हणायचो. बाई स्वतःचं नाक चिमटीत धरून आमची नक्कल करायच्या आणि वर्ग हसायचा. हसणारे आम्हीच होतो, हे विशेष. बाईंनी फळ्यावर नियम लिहून दिला होता: 'नांव' चूक, 'नाव' बरोबर. पुढे कळलं की 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. नियम ठीकच आहे. पण 'न उच्चारले जाणारे' हे कोणाच्या तोंडाकडे बघून ठरलं? आजीच्या तोंडात तर ते अजून वाजतात. मी मात्र दहावीपर्यंत नाक बंद करायला शिकले. सावंतवाडीला कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत बक्षीसही मिळालं, 'स्वच्छ उच्चारांबद्दल'.

आणि आता मॅडम सांगत होत्या, नाक उघडा. नाही, हात, पाव, लिलाव, हृदय, स्टेशन, सगळ्यांच्या शेवटी तोच आवाज. एक दिवस त्या 'आई'साठीचा शब्द सांगत होत्या. कोणालाच येईना. कोणी 'माय' म्हणे, कोणी 'मायन्', कोणी 'मांग'. मॅडम परत परत म्हणून दाखवत होत्या आणि माझ्या कानात एकदम कंडक्टर ओरडला: "खंय?" म्हणजे कुठे? रोज सकाळी मला तो हेच विचारतो. ख काढून म घाल. मी हळूच म्हटलं, "मंय." मॅडम वळल्या. "परत." म्हटलं. "परत." म्हटलं. मग त्यांनी 'नाही' म्हणायला लावलं. मी डोळे मिटून आजीचं 'तुजा नांव काय?' आठवलं आणि त्यातलं 'नांव' तेवढं उचलून, थोडं आखडून, पुढे ठेवलं. मॅडम हसल्या, म्हणाल्या, "हे कुठे शिकलीस?"

घरी येऊन आजीला सगळं म्हणून दाखवलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्या तर आमी फुकट बोलतंव. तू पैशे भरून येतंस!"

त्यामुळे सगळं सोपं झालं असं नाही. उच्चार साधले तरी कान साधायला वेळ लागला. मी आधी मोबाइलवर मिळतील ते व्हिडिओ बघून अभ्यास केला, ते सगळे ब्राझीलचे. वर्गात ऐटीत 'बों जीया' म्हटलं तर मॅडम म्हणाल्या, ब्राझीलला जायचंय का? पोर्तुगालात 'बों दीया'. ब्राझीलचा माणूस स्वर मोकळे सोडतो. लिस्बनचा ते गिळतो आणि शब्दाच्या शेवटच्या 'स'चा 'श' करतो. लिस्बनचं रेडिओ स्टेशन लावलं तर पहिले कित्येक दिवस फक्त श्श श्श ऐकू यायचं, समुद्र जवळ असल्यासारखं. पुढे त्या श्श मधून एकेक शब्द वर येऊ लागला. आणि 'असणे' या एका क्रियापदाची तिकडे दोन क्रियापदं आहेत. बर्फ थंड असतो ते एक, चहा थंड झाला आहे ते दुसरं. माझा चहा अजूनही कधीकधी जन्मजात थंड असतो.

तोंडी परीक्षेची गंमत सांगायलाच हवी. पोर्तुगीजमध्ये सोमवार ते शुक्रवार यांना नावं नाहीत, नंबर आहेत: दुसरा बाजार, तिसरा बाजार असे. शनिवार-रविवारला तेवढी नावं. परीक्षा 'क्वार्ता-फैरा'ला, म्हणजे चौथ्या बाजाराला होती. मी सोमवारपासून बोटं मोजली आणि गुरुवारी नीटनेटकी साडी नेसून हजर झाले. वर्गाला कुलूप. मोजणी रविवारपासून करायची असते. चौथा म्हणजे बुधवार. मॅडमना फोन केला तेव्हा रडायचीच बाकी होते. त्यांनी उद्या ये म्हणून सांगितलं आणि मुद्दाम दिवस पोर्तुगीजमध्येच सांगितला: 'सेश्ता-फैरा', सहावा बाजार. उद्या शुक्रवार, म्हणजे म्हापशाचा बाजार! तेव्हापासून मी वारांना चुकले नाही. म्हापशाचा बाजार सहावा धरायचा आणि मागे मोजत यायचं. त्या शुक्रवारी मात्र गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला सुक्या बांगड्यांची टोपली, दुसऱ्या बाजूला चवरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळा, मध्ये मी, क्रियापदं पुटपुटत.

परीक्षेत पहिला प्रश्न, कुठे राहतेस? 'मी राहते' याला पोर्तुगीजमध्ये 'मोरु' म्हणतात. आयुष्यभर 'मोरू' हा गोष्टीतला बावळट मुलगा, त्यामुळे दर वेळी हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही. बांद्याला, नदीजवळ, आईवडील आणि आजीबरोबर, असं सांगितलं. आजी काय करते? भाकऱ्या करते, आणि नाकात बोलते. 'नाक' हा शब्द आठवला नाही म्हणून नाकावर बोट ठेवलं. परीक्षक हसले. पास झाले, फार मोठे गुण नाहीत. लेखी परीक्षेत भूतकाळाने मार खाल्ला.

तरी त्याच महिन्यात धीर करून पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेले. जुन्या तहांचा एक छापील पोर्तुगीज संग्रह मागितला. तासाभरात दीड ओळ लागली. तारखा कळत होत्या, 'राजा', 'किल्ला', 'नदी' कळत होतं, क्रियापदं सगळी भूतकाळातली, म्हणजे अंधार. मध्येच मोठ्या अक्षरात एक नाव होतं आणि ते काही केल्या कोणत्याही पोर्तुगीज माणसाचं वाटेना. डोळ्यांनी वाचून काही होईना, म्हणून आजूबाजूला कोणी नाही बघून हलक्या आवाजात वाचलं. आधी 'क्वेमा' वाचलं, मग नियम आठवला, 'केमा'. केमा साउंतु. त्यांच्या तोंडात ख नाही. खेम सावंत, आमचा सावंतवाडीचा राजा! पुढचा शब्द होता 'बोंसुलो', मधला अनुस्वार चांगला नाकात. आमच्या घरच्या जुन्या कागदांत 'भोंसले' असाच लिहिलेला आहे. मी त्याला चूक समजत होते. मी तो परत एकदा वाचला, जरा मोठ्याने. पलीकडच्या टेबलावरच्या काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.