आमची वाटचाल : राइस मिलच्या गोदामातून

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात बंद पडलेल्या एका राइस मिलच्या गोदामात आमची व्यायामशाळा आहे. भिंतींना अजून कोंड्याचा वास येतो. गोदामाचं भाडं पोलीस भरतीच्या पोरांच्या फीवर निघतं, पण गावोगाव लोक आम्हाला ओळखतात ते इथे पायांत ताकद कमवायला येणाऱ्या नाचणाऱ्या मुलींमुळे.

मी स्वतः झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत सात सीझन नाचले. दिवाळीपासून होळीपर्यंत आज या गावी, उद्या त्या गावी. धान निघालेल्या बांधीत मंच, रात्री दहानंतर पडदा, आणि लावणीची एन्ट्री कधी एकला तर कधी तीनला. तोवर शाल गुंडाळून विंगेत कुडकुडत बसायचं आणि नाव पुकारलं की आखडलेल्या पायांनी थेट ठेका धरायचा.

अशाच एका रात्री फळ्यांच्या फटीत डावा पाय मुरगळला. मोच उतरवणाऱ्याने गरम तेलाने रगडून काढला आणि चौथ्या दिवशी मी गोळी घेऊन पुन्हा मंचावर. पुढे तोच घोटा किती वेळा वळला ते मोजणंच सोडलं. सूज उतरते, दुखणं थांबतं, म्हणून पाय बरा झाला असं वाटतं. पण पोटरी दुबळी राहते आणि पायाची तोल सावरण्याची सवय मोडलेली असते. हे मला नाच सुटल्यावर कळलं.

2020 साली कोरोनाने सगळं ठप्प झालं. हाताशी पैसे होते त्यात वजन उचलायचा एक जुना लोखंडी बार, त्याच्या काही प्लेटा आणि दोन गाद्या घेतल्या आणि ही व्यायामशाळा सुरू केली. पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, "आमाले पैलवान बनवता का जी ताई?" पैलवानाचा खुराक कोण देणार बाई तुला, म्हटलं.

खरं तर रात्रभर नाचून दम वाढतो, ताकद तेवढी वाढत नाही. उडी मारून एका पायावर उतरताना अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या पायावर येतो. तो झेलायचा तर भार हळूहळू वाढवावा लागतो. आमची पहिली परीक्षा साधी : पायरीच्या काठावर एका पायावर उभं राहायचं, भिंतीला दोन बोटं, आणि टाच पूर्ण वर. सलग 25 वेळा. भल्याभल्या नाचणाऱ्या बारा-तेराला थरथरतात. ते जमलं की पाठीवर तांदळाची थैली, मग बार घेऊन बैठका. स्नायू काही आठवड्यांत साथ देऊ लागतात, स्नायू हाडाला बांधणाऱ्या टेंडनला मात्र महिने लागतात. म्हणून दसऱ्याला येऊन उपयोग नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्या धानाच्या रोवणीला! दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईला संध्याकाळी बैठका कोणत्या तोंडाने सांगायच्या? त्या दिवसांत फक्त टाचा उचलून घेतो.

पाय मुरगळला तर तेल-मालिश बंद, हा आमचा कडक नियम. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबून दुखत असेल तर आधी एक्स-रे. तसं काही नसेल तर पहिले दोन-तीन दिवस पट्टी आणि पाय उशीवर. मग सोसेल तसं चालणं, एका पायावर तोल, टाचा, छोट्या उड्या, आणि शेवटी घुंगरू. दोन्ही पायांच्या टाचा सारख्या उचलल्या जाईपर्यंत उडीचं गाणं नाही.

नाइट, म्हणजे रात्रीचा प्रयोग, बुडाली की पैसे बुडतात, त्यामुळे हा नियम कुणालाच आवडत नाही. एका निर्मात्याने तर फोनवर मला चांगलंच सुनावलं. मग आमच्याच एका मुलीने वाट काढली. पाय बरा होईपर्यंत तिने बैठकीची लावणी घेतली, नुसत्या डोळ्यांवर आणि हातांवर. लोकांनी वन्समोअर दिला. घोटा केव्हाच बरा झाला, 25 टाचाही होतात; आता ती उभीच राहत नाही, अशी त्याच निर्मात्याची तक्रार आहे.