मैदानावरची संख्यारेषा

खडूने 6 मीटरची सरळ रेघ आखा आणि दर 30 सेंटीमीटरवर 0 ते 20 आकडे लिहा. अंदाजाने लिहू नका, दोरीला गाठी मारून मापा. अंतर कमीजास्त झालं की उड्या चुकतात.

7 + 5 साठी मूल 7 वर उभं राहून पुढे पाच उड्या मारतं. हमखास घोळ इथेच: उभ्या जागेलाच ‘एक’ म्हणतात आणि 11 वर पोचतात. म्हणून पाय टेकल्यावरच मोजायचं, तेही मोठ्याने. वजाबाकीला उलट्या उड्या नकोत (पडतात!), वळून जाऊ द्या.

तीनच्या पाढ्याला एक उडी 90 सेंटीमीटरची होते. लहानांना ती झेपत नाही; त्यांनी ढांग टाकावी. बाकीच्यांनी, उडी पडायच्या आत, पुढचा आकडा ओरडून सांगायचा.