तुम्ही विचारलंत म्हणून: आधी रेघोट्या का?

"प्रश्न समोर आला की तुम्ही आधी पेन्सिल का शोधता?" असं मला बरेच जण विचारतात. माझी चित्रकला यथातथाच आहे, त्यामुळे हौस हे कारण नक्कीच नाही. डोक्यात गोष्ट अर्धवट असली तरी खपून जाते, कागदावर खपत नाही. रेघ कुठून सुरू करायची हे ठरवावंच लागतं, आणि नेमकं तिथेच कळतं की आपल्याला हे ठाऊकच नाही.

एक जुनं कोडं घ्या. एकजण सकाळी सहाला डोंगर चढू लागतो आणि संध्याकाळी सहाला माथ्यावर पोचतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याच वाटेने उतरायला लागतो. कधी भरभर, कधी रमतगमत, मध्ये बसतोही. वाटेवर अशी एखादी जागा असेलच का, जिथे तो दोन्ही दिवशी घड्याळाच्या एकाच ठोक्याला होता? वेग माहीत नाही, म्हणून समीकरण मांडायला गेलं की हात टेकावे लागतात. आता आडव्या रेघेवर वेळ घ्या, उभ्या रेघेवर पायथ्यापासूनचं वाटेवरचं अंतर. एक रेघ खालून वर जाते, दुसरी वरून खाली येते. कितीही वेडीवाकडी काढा, एकमेकींना कापल्याशिवाय त्या सुटत नाहीत. ज्याला आलेख नको त्याला मी म्हणतो, दोन माणसं एकाच दिवशी निघाली असं समज, एक खालून, एक वरून. वाट एकच, मग गाठ पडणारच!

उपमांचं मात्र जरा जपून. वीज म्हणजे नळातलं पाणी, व्होल्टेज म्हणजे दाब, इथवर छान चालतं. पण नळ कापला तर पाणी सांडतं, तार कापली तर वीजप्रवाह थांबतो. भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्डने १९११ मध्ये अणूचं जे चित्र मांडलं, मधे केंद्रक आणि भोवती इलेक्ट्रॉन, त्याला आपण सूर्यमालेची उपमा देतो. पण तेव्हाच्या भौतिकशास्त्रानुसार फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत केंद्रकात कोसळायला हवा होता. १९१३ मध्ये नील्स बोर या भौतिकशास्त्रज्ञाने हात घातला तो याच अडचणीला. उपमा जिथे फाटते तिथे मला जास्त रस असतो.

चित्रंही फसवतात बरं का. मी एकदा भूमितीतली एक सिद्धता झोकात लिहून काढली होती. ती फक्त समद्विभुज त्रिकोणालाच लागू होती, कारण हाताला वळण तसंच होतं. तेव्हापासून त्रिकोण मी मुद्दाम एका अंगाला कललेला काढतो.