कारवी: आयुष्यात एकदाच फुलणारे झुडूप

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात उतारांवर दाटीने वाढलेली कारवी बहुतेकांना दिसते ती फक्त बहराच्या वर्षी. २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये ती इथे फुलली, तेव्हा कॅमेरे घेऊन सारी मुंबई लोटली. एरवी तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

कारवी, म्हणजे स्ट्रोबिलँथस कॅलोसा, ही अडुळसा आणि कोरांटीच्या कुळातली. समोरासमोर येणारी तिची पाने मोठी, टोकाशी निमुळती आणि दंतुर कडांची असतात. मधल्या शिरेपासून निघणाऱ्या उपशिरा जवळजवळ समांतर धावतात आणि पानावरून बोट फिरवले की चांगलीच खरखर जाणवते. उन्हाळ्यात पाने गळून नुसत्या काठ्या उरतात. याच काठ्या जवळजवळ बांधून, वर शेणमाती लिंपून आदिवासी पाड्यांवर घराचा कूड उभा राहतो.

सात पावसाळे केवळ पानांवर काढल्यावर आठव्या वर्षी, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, कणसासारखे फुलोरे येतात. त्यांवरच्या गोलसर सहपत्रांना (फुलांच्या तळाशी असणाऱ्या पानांसारख्या भागांना) चिकट लव आणि उग्र वास असतो (हात लावलात तर वास बराच वेळ सोबत करतो), आणि त्यांतून नरसाळ्याच्या आकाराची निळसर जांभळी फुले डोकावतात. मधमाश्यांची तर चंगळच होते. फळे धरली की झुडूप वाळून मरते; मात्र बोंडे लगेच उकलत नाहीत. पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसात भिजली की ती तडतड फुटतात आणि बिया दूर उडतात.

एवढे बी एकाच वेळी पडल्यामुळे उंदीर-पाखरांनी कितीही खाल्ले तरी रुजायला पुरेसे उरते, असे या सामूहिक बहराचे एक स्पष्टीकरण दिले जाते. पण त्यातच धोकाही आहे. बहरानंतरच्या उन्हाळ्यात वणवा लागला किंवा वाळलेल्या काठ्या बोंडांसकट तोडून नेल्या, तर त्या उतारावरची आठ वर्षांची कमाई एका फटक्यात जाते. कारवी आज सह्याद्रीत मुबलक आहे. तिच्याच स्ट्रोबिलँथस या गटातली (जीनस), बारा वर्षांनी फुलणारी दक्षिणेतली नीलकुरिंजी मात्र आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ (व्हल्नरेबल) वर्गात गेली आहे. म्हणून माझ्या मते फुलांच्या वर्षी गर्दी आवरण्याइतकीच त्यानंतरच्या उन्हाळ्यात आगीवर नजर ठेवणे गरजेचे आहे. मुंबईतला पुढचा मोठा बहर २०३२ मध्ये अपेक्षित आहे. मधल्या वर्षांत एखादे चुकार झुडूप फुललेले दिसलेच, तर ते वेळापत्रक चुकलेले समजावे.