पहिल्या आवृत्तीचा शोध : आमची वाटचाल

वडिलांचं पुण्यात रद्दीचं दुकान होतं. वर्तमानपत्रं, वह्या, दिवाळी अंक, कथासंग्रह, सगळं एकाच तराजूत जायचं. कॉलेजात असताना त्या ढिगातून मी जी. ए. कुलकर्णींचं 'पिंगळावेळ' उचललं. वडील म्हणाले, "ठेव. पण वजन वहीत लिही." ती वही अजून माझ्याकडे आहे. आमच्या आजच्या धंद्याची पहिली नोंद तीच.

वाचून झाल्यावर आधीचे संग्रह हवेसे झाले. 'निळासावळा' १९५९चा, 'पारवा' १९६०चा, 'हिरवे रावे' १९६२चा, 'रक्तचंदन' १९६६चा, 'काजळमाया' १९७२चा. नव्या आवृत्त्या सहज मिळत होत्या, पण मला ज्या रूपात ती पुस्तकं पहिल्यांदा वाचकांच्या हातात गेली ते रूप बघायचं होतं. शोधता शोधता तसेच वेडे झालेले चार-पाच जण भेटले. त्यांच्यासाठी पुस्तकं आणता आणता रद्दी मागे पडली. वडिलांनंतर धाकटी बहीण हिशेब आणि पार्सलं बघू लागली, मी फिरू लागले.

पुण्यात पहिली दोन पुस्तकं फार क्वचित हाती लागतात. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी घरांतली कपाटं पाण्यात गेली, आणि ही पुस्तकं तेव्हा जेमतेम वर्ष-दोन वर्षांची होती. कारण हेच असावं असं मला वाटतं. आम्हाला बऱ्या प्रती मिळाल्या त्या बेळगाव-धारवाडकडे. जी.ए. मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे, आणि धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. तिकडच्या घरांत त्यांचं पुस्तक माळ्यावर नाही, समोरच्या फळीवर असतं.

आमच्या हातून एक मोठी चूक झाली, ती सांगायला हवी. एका वाचनालयाने बाद केलेल्या पुस्तकांत 'हिरवे रावे'ची प्रत आली. बांधणीत मुखपृष्ठ गेलेलं, आवृत्तीचं पानही गेलेलं. कागद पिवळा आणि टाइप जुना दिसला म्हणून मी ती पहिली आवृत्ती समजून एका निवृत्त शिक्षकांना विकली. आठवड्याने ते स्वतः आले. शेवटच्या पानावर छापलेल्या पत्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "ताई, १९६२ साली सहा आकडी पिनकोड कुठून आला?" पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ला. मला तोंड वर करून बघवेना. पैसे परत दिले, येण्याजाण्याचं भाडंही दिलं. तेव्हापासून आवृत्तीचं पान नसेल तर आम्ही "पहिली" हा शब्द वापरत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

त्या दिवसानंतर मी पुस्तकाची कथा सोडून बाकी सगळं वाचायला शिकले. किंमत 'नवे पैसे' अशी छापली असेल तर छपाई १९५७ ते १९६४ मधली धरायची, कारण १ जून १९६४ला 'नवे' गळलं. 'घरांत', 'केलें' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार भरपूर दिसले तर १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचा मजकूर असण्याची शक्यता मोठी. यातलं एकटं काहीच पुरावा होत नाही. तीन-चार खुणा जुळल्या की मगच आम्ही बोलतो. तारखेचं महत्त्व जी.एं.च्या वाचकांना वेगळं सांगावं लागत नाही. 'काजळमाया'ला १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, आणि त्यांनी पुरस्कार परत केला.

पुढे 'सत्यकथा'चे अंकही ठेवायला लागलो. मासिक १९८२ला बंद झालं, आणि कथा पुस्तकाआधी अंकात कशी आली होती हे बघणारे अभ्यासक आमच्याकडे येऊ लागले. २०२३ला जन्मशताब्दी आली तेव्हा तर रोज विचारणा. त्या वर्षी भाव दुप्पट करा असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. आम्ही केला नाही. एम.ए.ची मुलं प्रत बघायला येतात, त्यांनी दारातूनच परत जावं असं मला कधीच वाटलं नाही.

घरी प्रती असतील त्यांना एक कळकळीची विनंती: फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. डाग कायमचा राहतो आणि कागद तिथेच तुटतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधूनही ठेवू नका, ओल आत कोंडते. आणि मुखपृष्ठ निघालं तर टाकू नका, पुस्तकातच ठेवा.

मागच्या पावसाळ्यात त्याच शिक्षकांनी आपला सगळा संग्रह आमच्याकडे आणून दिला. डोळे साथ देत नाहीत म्हणाले. त्यात 'निळासावळा' आहे, आवृत्तीच्या पानासकट. तो आम्ही विकायला काढलेला नाही. दर महिन्याला ते येतात, बहीण चहा ठेवते, आणि मी त्यांना त्यातली एक कथा वाचून दाखवते.