दोन मुक्तिबोध, एक कपाट

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत खो-खोच्या संघावर बाकीचे लिहितीलच, म्हणून मी आमच्या मराठीच्या सरांवर लिहितो. धड्याचा लेखक पुण्याचा असो की कोकणातला, तासाची शेवटची पाच-दहा मिनिटं सर नागपूरच्या लेखकांना द्यायचे. परीक्षेत त्यावर काही येत नसे, त्यामुळे आम्ही मन लावून ऐकायचो.

१९७९चा साहित्य अकादमी पुरस्कार शरच्चंद्र मुक्तिबोधांना मिळाला, तेव्हा आम्ही नववीत होतो. त्या दिवशी व्याकरण बाजूला राहिलं. हे नागपूर महाविद्यालयातले प्राध्यापक, मराठीत लिहिणारे. आणि यांचे थोरले भाऊ गजानन माधव हिंदीतले मोठे कवी, हे सरांनी सांगितलं आणि वर्गात चुळबुळ झाली.

"मंग सर, ते घरी कोण्या भाषेत बोलत असतील जी?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"मराठीत. तू नाही का, घरी मराठी बोलतो अन् इतवारीत हिंदीत भाव करतो?"

१९५६पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती, ही गोष्ट मला भूगोलाच्या तासापेक्षा इथे जास्त कळली. गजानन माधव १९४८च्या सुमारास इथे आले. सरकारी प्रसिद्धी खातं, आकाशवाणी, मग 'नया खून' साप्ताहिक असं करत दहा वर्षं राहिले आणि पुढे राजनांदगावला कॉलेजात गेले.

त्यांची 'अंधेरे में' ही कविता मी नोकरीला लागल्यावर वाचली. रात्रीची ती मिरवणूक, बँड, आणि नाकातून रक्त वाहणारा टिळकांचा पुतळा! दिल्लीचा समीक्षक त्यावर काय म्हणायचं ते म्हणो, नागपूरकराच्या डोळ्यांपुढे महालाकडचा आपला टिळक पुतळाच येतो. कवितेत गावाचं नाव लागतंच असं नाही. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' नाटकात तर बोलण्याच्या वळणावरूनच वऱ्हाड कळतं. ग्रेसांच्या कवितेत मात्र नागपूर शोधायचा नाद मी लवकर सोडला. ते इथलेच, पण त्यांच्या कवितेतली संध्याकाळ कुठल्या पेठेतली नव्हे.

महोत्सव निधीसाठी माझी वर्गणी सोबत पाठवली आहे. तिच्यातून शाळेच्या ग्रंथालयासाठी दोन्ही भावांची पुस्तकं घ्यावीत. एक हिंदीच्या कपाटात आणि दुसरा मराठीच्या, असं मात्र करू नये. दोघांना शेजारी ठेवा. ग्रंथपालांनी नियम दाखवला, तर माझ्याकडे पाठवा.